फिलाडेल्फियाचं रेडिंग टर्मिनल मार्केट : कधी जावं, काय खावं, शाकाहाऱ्यांनी काय करावं?

झुंबर
आई-बाबा सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत आलेत. पुढच्या आठवड्यात त्यांना फिलाडेल्फियाला नेतेय. लिबर्टी बेल, इंडिपेन्डन्स हॉल हे ठरलेलंच आहे. पण बाबांचं म्हणणं, "घंटा बघू गं, आधी मंडई दाखव." गावातला बाजार पाहिल्याशिवाय त्यांना गाव पाहिल्यासारखं वाटतच नाही. म्हणून रेडिंग टर्मिनल मार्केट. मी ऑफिसच्या परिषदेला आले होते तेव्हा त्यातून घाईघाईत आरपार गेलेय. कळलं ते इतकंच की गर्दी प्रचंड आणि वास भन्नाट.

अडचणी अशा: आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि गुडघे दुखतात. बाबा सगळं खातात पण मधुमेह आहे, त्यामुळे गोडावर माझी नजर. शनिवारी जावं की सुट्टी टाकून मधल्या वारी? बसायला मिळतं का? आणि तिथे खाण्यापलीकडे बघण्यासारखं काय आहे? जाणकारांनी कृपया लिहा.

टपरीवाला_१२
रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही जायचंय.

ब्रॉडस्ट्रीटचा_बंड्या
ऑफिस जवळच असल्यामुळे माझं दुपारचं जेवण बऱ्याचदा तिथेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सुट्टी टाका. शनिवारी दुपारी तिथे धक्के खात पुढे सरकावं लागतं, आईंच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. रविवारी बाजार उघडा असतो, पण आमिश (जुन्या पद्धतीने साधं राहणारा ख्रिस्ती पंथ) मंडळींची सगळी दुकानं बंद, आणि ती नसतील तर निम्मी मजा गेली. सोमवारीही त्यांच्यातले बरेचसे नसतात. तेव्हा गुरुवार किंवा शुक्रवार धरा. बाजार सकाळी आठला उघडतो आणि संध्याकाळी सहाला बंद होतो. साडेआठपर्यंत पोचलात तर मासेवाले बर्फावर मासे मांडत असतात, खाटीक ऑर्डरी कापत असतात, भाजीवाल्यांची खोकी अजून वाटेतच पडलेली असतात. गिऱ्हाईक सगळं इथलंच, पिशव्या घेऊन आलेलं. साडेअकरानंतर ऑफिसवाले आणि शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरचे बिल्लेवाले घुसतात आणि दोनपर्यंत आवरत नाहीत.

बसायला मधल्या चौकात टेबलं आहेत. जेवणाच्या वेळी तिथे खुर्ची मिळवणं म्हणजे लोकलमधली चौथी सीट. काही दुकानांना स्वतःचे काउंटर आणि उंच स्टुलं आहेत, पण आईंना स्टूल चढणं जड जाईल. सकाळी आलात तर टेबल नक्की मिळेल.

गाडी आणू नका. ट्रेंटनहून सेप्टाची (इथली सार्वजनिक वाहतूक सेवा) लोकल धरा आणि जेफरसन स्टेशनला उतरा. वर आलं की बाजार समोरच. गाडी आणायचीच असेल तर ठरावीक पार्किंगमध्ये लावा आणि बाजारात खरेदी करताना तिकिटावर सवलतीचा शिक्का मागून घ्या. किती खरेदीवर किती सवलत ते बदलत असतं, म्हणून निघायच्या आधी बाजाराच्या संकेतस्थळावर बघा.

झुंबर
बंड्या, अगदी हवं ते मिळालं. गुरुवार नक्की केला.

शेंगदाण्याची_चटणी
शाकाहारी म्हणून मी लिहिते. उपाशी राहणार नाही, पण विचारून खायला हवं.

डोळे मिटून घ्यावा असा एकच पदार्थ: मिलर्स ट्विस्टचा गरम प्रेट्झेल. तिथे थांबून बघायलाही मजा येते. पांढरी टोपी घातलेली मुलगी पिठाचा गोळा ओढून हातभर लांब दोरी वळते, दोन्ही टोकं हवेत उचलते, एक झटका, एक पीळ, आणि टोकं खालच्या कमानीवर दाबून टाकते. आपण "कसं केलं" म्हणेपर्यंत तिचा पुढचा गोळा सुरू. भट्टीतून निघाला की तो वितळलेल्या लोण्यात अख्खा बुडवतात. त्यामुळे कागद हातात धरला की बोटं तुपकट होतात, रुमाल जवळ ठेवा (टपरीवाल्यांचा नव्हे). बाबांसाठी बिनमिठाचा आहे का विचारून बघा.

फलाफल, हुमस वगैरे मध्यपूर्वेकडचं मिळतं. भारतीय-पाकिस्तानी जेवणही मिळतं, पण एवढं लांब जाऊन छोले कशाला?

आता सांभाळायचं कुठे ते. पेन्सिल्व्हेनिया डच (म्हणजे आमिशांसारखे इथले जर्मन वंशाचे लोक) पद्धतीचा 'पाय' हा सारण भरून भाजलेला पदार्थ आणि डम्पलिंग यांचं आवरण पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात. सगळेच तसं करतात असं नाही, पण "यात लार्ड आहे का?" हे विचारायचंच. डोनट कशात तळलेत हेही विचारा, शिवाय डोनटात बहुतेक अंडं असतंच. घेवड्याच्या किंवा पालेभाजीच्या साध्या दिसणाऱ्या भाजीत हॅमचा तुकडा असू शकतो. विक्रेते उत्तर सरळ देतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. आणि 'स्क्रॅपल' नावाची खरपूस तांबूस वडी नाश्त्याच्या ताटात दिसली आणि थालीपीठासारखी वाटली, तरी आईंना हात लावू देऊ नका. डुकराचं उरलंसुरलं मांस मक्याच्या पिठात शिजवून, थापून, कापून तळलेली वडी आहे ती.

रिकामा_कप
पण बाबांना मात्र स्क्रॅपल खाऊ घालाच! बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. ज्यांना वड्या थापता येतात त्यांना ती लगेच कळते.

इंजिनड्रायव्हर
बघण्यासारखं काय असं विचारलंय, म्हणजे माझी पाळी. वर बघा. अक्षरशः वर. तुम्ही रेल्वे स्टेशनच्या खाली उभे असता.

हा बाजार स्टेशनाच्या आधीचा आहे, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. फिलाडेल्फियाच्या आजच्या मार्केट स्ट्रीटचं पूर्वीचं नाव हाय स्ट्रीट. रस्त्याच्या मधोमध लांबच लांब शेड्स आणि त्यात बाजार. गर्दी आणि घाणीला कंटाळून शहराने १८५९ मध्ये त्या पाडल्या. मग विक्रेते बाराव्या रस्त्यापाशी बंदिस्त बाजारांत गेले, तिथे चांगलं बस्तान बसलं. पुढे फिलाडेल्फिया अँड रेडिंग रेल्वेला टर्मिनस बांधायला नेमकी तीच जागा हवी झाली. बाजारवाले हटायला तयार होईनात. रेल्वे त्या काळी बलाढ्य, पण शेवटी तडजोड तिनेच केली: रूळ वरच्या मजल्यावर, बाजार खाली. १८९३ मध्ये स्टेशन सुरू झालं. वाफेची इंजिनं डोक्यावर धडधडतायत आणि खाली लोणी विकलं जातंय, असा प्रकार.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट टोपल्यांची. उपनगरातली बाई ऑर्डर कळवायची, बाजारातला माणूस टोपली भरून वरच्या गाडीत चढवायचा आणि तिच्या गावच्या स्टेशनवर टोपली उतरवून ठेवली जायची. तिने जाऊन फक्त उचलायची, पोचवायचे वेगळे पैसे नाहीत. आज दारात किराणा पोचवणाऱ्यांनी आपणच काही नवं काढलं असं समजू नये.

तळघर आणखी भारी. सुमारे पाच लाख घनफुटांचं शीतगृह, त्यात ५२ खोल्या. बाजाराचा माल तर असायचाच, शिवाय शहरातली इस्पितळं नाशवंत औषधं ठेवायची आणि बिअर बनवणारे हॉप्स (बिअरला कडवट चव देणारी फुलं). तिथे पाहायला जाता येत नाही, पण पायाखाली काय आहे ते ठाऊक असलेलं बरं.

१९७१ मध्ये रेल्वे कंपनीचं दिवाळं निघालं. बाजारही ओस पडत गेला, छत गळायला लागलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये वरच्या शेडमधून शेवटची गाडी सुटली आणि लोकल जमिनीखालच्या बोगद्यात गेल्या. तुम्ही उतरणार ते जेफरसन स्टेशन म्हणजे हेच. वरची शेड कन्व्हेन्शन सेंटरच्या पदरात पडली. ते १९९३ मध्ये सुरू झालं. तिकडे जाता आलं तर नक्की जा. जवळपास ८० मीटर रुंदीची कमान, मध्ये एकही खांब नाही. १९७६ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

पोह्यांवर_लिंबू
इंजिनड्रायव्हर, मस्त प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

फटकळ_फणस
विरजण घालतो, राग मानू नका. हे सगळं कौतुक वाचून गेलो होतो आणि मला ते एक मोठं फूड कोर्ट वाटलं. वर निऑनच्या पाट्या, खाली माणसंच माणसं, एका सँडविचसाठी पाऊण तास रांग, मग उभ्याने खायचं. इतिहास वगैरे ठीक आहे, पण सामान्य प्रवाशाला त्यातलं काय दिसतं? बाजार म्हणायचा तर आपली पुण्याची मंडई. १८८६ ची, म्हणजे याच काळातली. तिथे जाऊन कुणी फोटो काढत सँडविच खात नाही, भाजी घेतं.

ब्रॉडस्ट्रीटचा_बंड्या
फणसराव, शनिवारी दुपारी गेला होतात ना? त्या वेळी मलाही तसंच वाटतं.

पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो. भाजी घ्या की! तो अजूनही बाजार आहे, हे तिथे काही विकत घेतल्याशिवाय कळत नाही. भाजीच्या दुकानात सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर पैसे भरणारी आजी आणि सूट घातलेला वकील एकाच रांगेत असतात. बाजार चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावर आहे. भाड्याने जागा हव्या असणारे खाण्याचे ठेले तर रांगेत उभे असतात, तरीही खाटीक, मासेवाले, भाजीवाले टिकून राहावेत म्हणून संस्था प्रमाण राखते. ते सोडून दिलं असतं तर तुम्ही म्हणता तसं फूड कोर्ट केव्हाच झालं असतं. प्रवाशाने सँडविच खाऊन निघून जाणं हेच त्या दिशेला ढकलणं आहे, असं माझं मत. हॉटेलात राहात असलात तरी सफरचंदं घ्या, चीजचा तुकडा घ्या, मधाची बाटली घ्या.

फटकळ_फणस
शनिवारच होता. 🙂 मुद्दा पटला. निम्मा.

रिकामा_कप
रांगेवरून आठवलं. फिलाडेल्फिया म्हटलं की सगळे चीजस्टेक, चीजस्टेक (गोमांसाचे पातळ काप आणि चीज घातलेलं सँडविच) करतात. या बाजारात ते मिळतं, पण इथली खरी रांग असते डिनिक्सच्या रोस्ट पोर्क सँडविचसाठी. तिखटसर प्रोव्होलोने चीज आणि ब्रोकोली राब नावाची कडसर पालेभाजी त्यात घालून मागायची. मांसाच्या रसात पाव भिजलेला असतो, ती कडू भाजी तोंड साफ करते. २०१२ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ते अमेरिकेतलं सर्वोत्तम सँडविच ठरलं, तेव्हापासून रांग अधिकच. अकराच्या आत जा. एकट्याने अख्खं संपवणं कठीण, काकांसोबत तुम्ही निम्मं घ्या.

शेंगदाण्याची_चटणी
आणि बॅसेट्सचं आइस्क्रीम राहिलंच की! १८६१ पासूनचं घराणं, आणि बाजार सुरू झाला तेव्हापासून ते तिथेच आहेत. संगमरवरी काउंटर जुना आहे, त्यावर हात टेकवून बघा. व्हॅनिला साधं असतं, पण दुधाचा दाटपणा जिभेला कळतो. अंडं चालत नसलेल्यांनी कुठल्या स्वादात अंडं आहे ते विचारून घ्यावं. काकांना एक चमचा, बाकी झुंबरला.

घाटमाथा
आमिश लोकांचे फोटो काढलेले चालतात का? नवऱ्याला कॅमेऱ्याचं वेड आहे.

ब्रॉडस्ट्रीटचा_बंड्या
चेहऱ्याचे नको. त्यांच्या श्रद्धेत माणसाची प्रतिमा करणं बसत नाही, बायबलमधल्या आज्ञांचा आधार देतात. वस्तूंचे, दुकानाचे, प्रेट्झेल वळणाऱ्या हातांचे काढायचे असतील तर आधी विचारा. काही "हो" म्हणतात, काही मान हलवून नकार देतात, तेव्हा तिथेच थांबायचं.

घाटमाथा
पण मग पर्यटकांच्या बाजारात दुकान कशाला टाकायचं? चालू फोनच्या जगात फोटो तर येणारच.

पोह्यांवर_लिंबू
घाटमाथा, हे नाही पटलं. दुकान लोणचं विकायला टाकलंय, स्वतःला विकायला नाही. ही माणसं लँकेस्टर काउंटीतून शंभरेक किलोमीटरवरून येतात. स्वतः गाडी चालवत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरसकट गाडी ठरवून पहाटे निघावं लागतं. १९८० च्या सुमारास ओस पडत चाललेल्या बाजारात त्यांना बोलावून आणलं, आणि बाजार पुन्हा उभा राहिला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एवढ्यावर त्यांनी चेहरा तेवढा आपल्यापाशी ठेवला तर आपलं काय बिघडतं?

घाटमाथा
बरं बाई, हातांचेच काढायला सांगते.

टपरीवाला_१२
अवांतर: लोणचं म्हणालात म्हणून. 'चाव-चाव' नावाची बाटली दिसली तर घ्या. फ्लॉवर, गाजर, शेंगा, घेवडा वगैरे व्हिनेगर-साखरेत मुरवलेलं असतं. गोडसर आंबट, तिखटाचा पत्ता नाही. आमच्या घरी त्यात हिरवी मिरची चिरून घालतात, आमिशांची क्षमा मागून.

शेंगदाण्याची_चटणी
टपरीवाले, "आम्हालाही जायचंय" म्हणत रुमाल टाकलात आणि बाटली घरात आधीच?

टपरीवाला_१२
मेव्हण्याने आणून दिली. सगळी चौकशी रुमालावर बसूनच चाललीय.

झुंबर
मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत देते, कारण तुम्हीच पाठवलंत.

पावणेनऊला आत. बाबा पहिला अर्धा तास काही खायलाच तयार नव्हते. सगळ्या गल्ल्या फिरून घेतल्या, प्रत्येक भाजीचा भाव वाचला, मग माशांच्या दुकानापुढे ठाण मांडलं. ब्लूफिश म्हणजे कोणता, त्याला काटे किती, असं त्या माणसाला विचारत राहिले. त्याचं इंग्रजी वेगळं, बाबांचं वेगळं, पण मासा उलटासुलटा करून दाखवल्यावर दोघांचं जमलं. कल्ले उघडून लाली बघितल्यावर बाबांनी त्याला "पास" केलं. माणूस खूष होऊन हसला. घरी परतायला वेळ होता म्हणून मासा घेतला नाही, तर बाबा दिवसभर चुटपुटत होते.

आईला प्रेट्झेल आवडला, पण खरी रमली ती मसाल्यांच्या आणि सुक्या मेव्याच्या दुकानात. सुट्या बरण्या, आपल्याला हवं तेवढं मोजून द्यायचं. जायपत्री वास घेऊन घेतली. डम्पलिंगचं विचारलं, उत्तरात खात्री वाटली नाही, तर घेतलं नाही. फलाफल पोटभर.

सँडविच बाबांनी आणि मी निम्मं-निम्मं घेतलं. रिकामा_कप, त्या कडसर भाजीबद्दल आभार, बाबांना ती मांसाहून जास्त आवडली. मधल्या चौकात फिल्बर्ट नावाचं ब्राँझचं डुक्कर आहे, त्याच्या पोटात नाणी टाकतात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. आईने लांबूनच नमस्कार केल्यासारखं केलं आणि नाणं मात्र माझ्याकडून टाकवलं.

साडेअकराला बिल्लेवाल्यांची लाट आली तेव्हा आम्ही बाहेर पडत होतो. तिथून लिबर्टी बेलपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं, पण आईसाठी टॅक्सी केली.

इंजिनड्रायव्हर, वरची शेड बघता आली नाही, कसलंसं प्रदर्शन चालू होतं आणि बिल्ला नसलेल्यांना मज्जाव.

इंजिनड्रायव्हर
अरेरे. मोठं अधिवेशन असलं की असं होतं. प्रदर्शन सर्वांसाठी खुलं असेल तेव्हा जा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिथे मोटारींचं प्रदर्शन भरतं, तिकीट काढून आत जाता येतं. मोटारींकडे दुर्लक्ष करून छत बघत फिरायचं. लोक विचित्र नजरेने बघतात, सवय होते.

रिकामा_कप
आणि ब्लूफिश घ्यायचाच होता! मासेवाल्याकडून बर्फ मागून घ्यायचा, घरून थर्मासची पिशवी न्यायची. तेलकट मासा आहे, लवकर उतरतो, पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत आरामात टिकतो. काकांना सांगा, आंबट घालून कर म्हणावं.

पोह्यांवर_लिंबू
आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी चाललोय, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. चालेल?

ब्रॉडस्ट्रीटचा_बंड्या
खायला म्हणून नको. त्या दिवशी अर्धं शहर आधी सांगून ठेवलेल्या टर्की न्यायला येतं. कोंबडीवाल्यांच्या दुकानांपुढे रांगा वळणं घेत गल्लीबाहेर जातात. बाजार म्हणजे काय ते बघायचं असेल तर मात्र त्याहून चांगला दिवस नाही. लहान मुलं बरोबर असतील तर बाबागाडी घरी ठेवा, मूल पाठीवर बांधा.

पोह्यांवर_लिंबू
मुलं आहेत, आणि जुळी. मग आदल्या आठवड्यातला मंगळवार बघते. मंगळवारी आमिश असतात का?

ब्रॉडस्ट्रीटचा_बंड्या
काही असतात, काही नसतात. बुधवार धरा.